आयतें साहस

स्मृतिकारांनीं ‘साहस’ हा शब्द गुन्ह्याच्या सदरांत घातला होता, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. बळाच्या जोरावर उघड उघड केलेला अपराध तो साहस. आणि त्याच नांवानें दंडाच्याही तीन पायऱ्या ठरल्या होत्या. मनूनें प्रथम साहसाचा आंकडा २५० पण, मध्यमाचा ५०० आणि उत्तमाचा १,००० पण असा घालून दिला आहे. पुढें या शब्दाचा कलंक धुऊन निघाला व तो शौर्याच्या पंक्तीस जाऊन बसला. आतां त्याचें तिसरें स्थित्यंतर आमच्या डोळ्यांदेखत होत आहे. साहस ही दुकानांत मिळणारी वस्तु झाली असून तिला पुन्हां तीन दर लागले आहेत: सह्याद्रींतील एका रात्रीचा, लडाखांतील एका आठवड्याचा, आणि ऐपत असेल त्यास एव्हरेस्टचा. या उत्तम साहसाचा नुसता सरकारी परवाना वसंत ऋतूसाठीं माणशीं ११,००० डॉलर होता; १ सप्टेंबर २०२५ पासून नेपाळ सरकारनें तो १५,००० डॉलर केला. मनूचा दंड अपराध घडल्यावर भरावा लागे, हा आधीं भरावा लागतो.

आमची तक्रार दराविषयीं नाहीं. पैशाबरोबर दुसरें जें कांहीं विक्रेत्याच्या हवालीं केलें जातें त्याविषयीं आहे. असल्या सहलीस जाणारा गृहस्थ वाट निवडीत नाहीं, नकाशा पाहत नाहीं, पाणी कोठें मिळेल याची चौकशी करीत नाहीं, पाऊस आल्यास काय करावें याचा विचार करीत नाहीं, आणि कोणत्या घटकेस माघार घ्यावी हें त्यास ठाऊक नसतें. तीं सर्व कामें दुसऱ्या कोणाकडे सोंपविलेलीं असतात. त्याच्या वांट्यास उरतें सांगितलेल्या वाटेनें चालणें आणि सांगितलेल्या जागीं उभें राहून छायाचित्र काढून घेणें. आमचें म्हणणें असें कीं, साहस म्हणून जें होतें तें त्यानें पावती घेतांनाच देऊन टाकलें. आणि जो धोका आपण पैसे देऊन टाळला असें त्यास वाटतें, तो टळलेला नसून दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर जाऊन बसलेला असतो.

येथें कोणी असा समज करून घेऊं नये कीं, आम्ही सहलींच्या धंद्यावरच उठलों आहों. टॉमस कुक यानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें ५०० माणसें एका शिलिंगांत आगगाडीनें नेलीं, तीं मद्यपाननिषेधाच्या सभेस. त्या दिवसापासून या धंद्यानें पुष्कळ पुण्य जोडलें आहे. आमच्या घरोघरच्या वृद्ध मावशी-आत्यांस काशी-रामेश्वर घडलें तें बहुतांशीं असल्या मंडळींमुळेंच. परंतु काशीस जाऊन आलेली आत्या ‘मी यात्रा केली’ असें म्हणते. ‘मी साहस केलें’ असें म्हणत नाहीं. तिला शब्दांची किंमत कळते.

मग साहस कशास म्हणावें? याचें आमच्या माहितींतील उत्तम उदाहरण बर्फांतील आहे, आणि तें बहुतेक लोक उलट्या बाजूनें वाचतात. दक्षिण ध्रुवाची गोष्ट निघाली कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत डोळे पाणावतात ते कॅप्टन स्कॉटसाठीं. अमुंडसेन आधीं पोंचला हें एक वाक्यांत सांगून टाकतात, जणूं त्याचें नशीब बरें होतें. परंतु हा मनुष्य १९०३ सालीं ‘यॉआ’ नांवाच्या लहानशा जहाजांतून उत्तरेकडे गेला असतां किंग विल्यम बेटावर दोन हिंवाळे राहिला, आणि तेथील नेत्सिलिक लोकांपाशीं शिष्य होऊन बसला. कातड्याचे कपडे कसे शिवावे, ते सैल कां घालावे, कुत्र्यांची गाडी कशी हांकावी, हें तो त्यांच्यापासून शिकला. पुढें ध्रुवाच्या वाटेवर त्यानें ८०, ८१ व ८२ अंशांवर अन्नाचे सांठे करून ठेविले. एवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. धुक्यांत सांठा चुकला तर? म्हणून वाटेला आडवी, सांठ्याच्या दोन्ही अंगांस मैलोगणती, निशाणांची रांग लावली. परत येतांना दिशा थोडी चुकली तरी निशाण दिसावें, आणि सांठा त्याच्या डावीकडे आहे कीं उजवीकडे हें निशाणावरून कळावें. १४ डिसेंबर १९११ रोजीं तो ध्रुवावर पोंचला आणि त्याचे पांचही जण धडधाकट परतले. स्कॉटचा मुख्य सांठा ८० अंशांवर व्हावयाचा होता. तट्टें थकलीं म्हणून तो सुमारें ३० मैल अलीकडेच करण्यांत आला. १९१२ च्या मार्चांत स्कॉट व त्याचे शेवटचे दोन सोबती तंबूंत मरण पावले तेव्हां तो सांठा अवघा ११ मैल दूर होता. स्कॉटच्या धैर्यास आम्ही नमस्कारच करतों. पण ज्या वाचकास एकाचें मरण हें साहस वाटतें आणि दुसऱ्याचीं निशाणें ही नुसती कारकुनी वाटते, त्याच्या अभिरुचीवरच आयत्या साहसाचें दुकान चालतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

‘मराठी माणसाच्या अंगीं हें नाहींच’ असें म्हणणारांचाही एक पंथ आहे. त्यांनीं वरसईच्या विष्णुभट गोडशांस आठवावें. घरचें कर्ज फेडण्यासाठीं हा भिक्षुक १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला, वाटेंत लुटला गेला, झांशीच्या वेढ्यांत सांपडला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरीं आला. त्यांनीं आनंदीबाई जोशांसही आठवावें. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें, आणि पति बरोबर नव्हते. तें जहाज पाहून लोक थक्क होतात. आम्हांस त्यापूर्वींचीं तीन वर्षें अधिक थक्क करतात. न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंशीं १८८० पासून त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. परक्या मुलखांत आपण कोणाच्या घरीं उतरणार हें त्यांनीं पत्रांनीं ठरवून घेतलें होतें. श्रीरामपूरच्या कॉलेजांत सभा भरवून आपण कां जातों हेंही त्यांनीं लोकांस सांगितलें. मुंबईहून ऑक्टोबर १९२३ मध्यें सायकलींवर निघालेले सहा पारशी तरुण पाहा. त्यांपैकीं हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चांत सुमारें ४४,००० मैल तुडवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले. आणि हीं माणसें फार थोर म्हणून कोणास दूरचीं वाटत असतील, तर आळंदीहून पंढरपुरास जाणारी दिंडी पाहावी. सुमारें अडीचशें किलोमीटरांची वाट, रोजचा मुक्काम ठरलेला, राहुट्या व शिधा पुढें गेलेला, आजाऱ्याची सोय पाहिलेली. हें सारें शेतकरी आपापसांत वर्गणी काढून करतात. ज्या समाजांत हें ज्ञान गांवोगांव आहे त्या समाजांतील शहरी कुटुंबास हरिश्चंद्रगडावर एक रात्र काढण्यासाठीं कंत्राटदार लागावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

हरिश्चंद्रगडाचेंच घेऊं. रविवारच्या जेवणानंतर पाटावर किंवा टेबलावर एक नकाशा पसरावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास-हजारी नकाशे २०१७ सालापासून संकेतस्थळावरून उतरवून घेतां येतात. त्यांवर वीस-वीस मीटरांच्या उंचीच्या रेषा असतात. घरांतील मुलांस एवढेंच विचारावें कीं, या रेषा कोठें दूर दूर आहेत आणि कोठें जवळ. पश्चिमेच्या बाजूस त्या एकमेकींवर चढून एकच जाड रेघ झालेली दिसते, तो कोंकणकडा. गडावर न जातांच मुलास कड्याचा अर्थ कळतो. मग वाटा. पाचनईची वाट सोपी व आंखूड. खिरेश्वराहून टोलारखिंडीनें जाणारी लांब, कांहीं जागीं कातळाची. आणि कोंकणांतील बेलपाड्याहून वर येणारी नळीची वाट, जिचें नांव नवख्यानें काढूं नये. आजोबा बरोबर असतील तर कोणती? पावसाळ्यांत कोणती? रात्रीं मुक्काम करावयाचा तर गुहेंत कीं गांवांत? गडावरचें पाणी मार्चांत कितपत भरंवशाचें, हें पुस्तकांत मिळत नाहीं. तें पाचनईच्या माणसास विचारावें लागतें. तेथें ‘अरे, ए’ करून चालत नाहीं. ‘दादा, मामा’ म्हणावें लागतें, आणि उत्तर ऐकण्यास थांबावें लागतें. येतांना उजेड किती उरेल हें उलट मोजीत यावें लागतें. या हिशेबांत एखादी तिसरी चौथींतील मुलगी ‘आणि दोघांपैकीं एकाचा पाय मुरगळला तर?’ असा प्रश्न विचारील, तेव्हां ओळखावें कीं प्रवास सुरू झाला. आमच्या मतें डोंगरावरच्या सूर्यास्ताहून ही घटका कमी सुखाची नाहीं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, वेळ नाहीं. ज्या घरांत लग्नाच्या बस्त्यास तीन आठवडे मिळतात त्या घराबद्दल आम्ही अधिक कांहीं लिहीत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जाणत्याच्या हातीं सोंपविणें हेंच सुरक्षित. जाणता जरूर बरोबर असावा. पण त्याच्या जाणतेपणावर दुकानाचें वेळापत्रक स्वार झालें म्हणजे काय होतें? लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोंपण्याची जागा दररोज पांचशें मीटरांहून अधिक वाढवूं नये व तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, हा गिर्यारोहणाचा सर्वमान्य नियम आहे. विमानानें तेथें उतरणारा पहिल्याच पावलीं तो मोडतो, म्हणून त्यानें आरंभीं दोन दिवस स्वस्थ पडून राहावें असें वैद्य सांगतात. परंतु स्वस्थ पडण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाहीं. मग दुसऱ्याच दिवशीं खारदुंग ला! डोकें दुखतें, ओकारी येते, मुलें रडतात, आणि तरीही फलकाजवळ उभें राहून छायाचित्र घेतलें जातें. त्या फलकावर कित्येक वर्षें १८,३८० फूट असा आंकडा होता. खिंडीची खरी उंची सुमारें १७,५८२ फूट आहे. आठशें फूट साहस पदरचें घातलेलें! नकाशा उघडला असता तर हेंही कळलें असतें. आणि एव्हरेस्टवर १० मे १९९६ च्या वादळांत आठ जण गेले, त्यांत पैसे घेऊन लोकांस वर नेणाऱ्या दोन नामांकित तुकड्यांचे प्रमुखही होते. दुपारीं ठराविक वेळेस, शिखर गांठलें असो वा नसो, मागें फिरावयाचें हा नियम त्यांस ठाऊक नव्हता काय? तो त्यांनींच इतरांस शिकविला होता. पण ज्यानें पैसे मोजले आहेत त्यास शिखरापासून हांकेच्या अंतरावर ‘फिर’ म्हणणें कठीण असतें, आणि ज्यानें स्वतः हिशेब केलेला नाहीं त्यास तें ऐकणें त्याहून कठीण.

तो धोका दुसऱ्याच्या शिरावर जातो असें आम्हीं वर म्हटलें. १८ एप्रिल २०१४ रोजीं खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामकरी ठार झाले. ते शिखरावर निघाले नव्हते. दुसऱ्यांच्या साहसाचें सामान वर पोंचवीत होते. सरकारनें प्रथम प्रत्येक कुटुंबास देऊं केलेली रक्कम ४०,००० नेपाळी रुपये होती, आणि तिच्यामुळें शेर्पांत असा संताप उसळला कीं त्या ऋतूंतील त्या बाजूच्या मोहिमा जवळजवळ बंदच पडल्या. इकडे सह्याद्रींत लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’ यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक अपरात्रीं दोर घेऊन दऱ्यांत उतरतात. तीं नोकरीधंद्याचीं माणसें आहेत. या कामाचा त्यांस पगार नाहीं. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाजवळच्या ओढ्यांत एका कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, तेव्हांही पाण्यांत शोध घेणारांत हे होतेच. त्या दुर्दैवी कुटुंबास बोल लावण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु त्यानंतर झालेल्या चर्चेंत कठडे हवे, पहारेकरी हवे, बंदी हवी असें सर्व बाजूंनीं ऐकूं आलें. वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यांत किती अवकाशानें उतरतो, आणि त्याची खूण पाण्याच्या रंगावरून कशी ओळखावी, हें शिकवा असें म्हणणारा विरळा. पाहणारा दुसरा कोणी तरी असेलच, हीच ती संवय.

या संवयीचें टोंक २०१६ सालीं दिसलें. महाराष्ट्रांतील एका जोडप्यानें एव्हरेस्ट चढल्याचें जाहीर केलें. छायाचित्रें दुसऱ्याचीं निघालीं, आणि नेपाळ सरकारनें त्यांस दहा वर्षें बंदी केली. लोक त्यांच्यावर फार संतापले. आम्हांस त्या संतापाचें नवल वाटलें. वाट दुसऱ्याची, हिशेब दुसऱ्याचा, ओझें दुसऱ्याच्या पाठीवर, इथपर्यंत ज्यांस चालतें त्यांनीं केवळ छायाचित्र दुसऱ्याचें निघाल्यावर एवढें कां रागवावें?

सहलीचे मालक या लेखावर रुष्ट होतील. त्यांच्यांत प्रामाणिक माणसें आहेत, आणि त्यांस ओळखण्याचा उपाय आमच्या वाचकांच्या हातीं आहे. पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न लेखी विचारावे: ओझें कोण वाहणार व त्याचा विमा किती रकमेचा, कोणत्या घटकेस मागें फिरणार व तें ठरविणार कोण, उंचीवर विसांव्याचे दिवस किती, आणि वाटेचा नकाशा आम्हांस आधीं मिळेल काय. जो मालक चारही प्रश्नांचीं उत्तरें आठवड्याच्या आंत लिहून पाठवील त्याच्याबरोबर खुशाल जावें. आम्हीं गेल्या वर्षीं अशीं पत्रें तीन ठिकाणीं धाडलीं होतीं. एकाचें उत्तर आलें, त्यांत सवलतीचा दर कळविला होता.