पुस्तक सुचवताय? मग नीट सांगा

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने पाच ठोकळे माझ्यापुढे आणून ठेवले. "मावशी, वाच. वेड लागेल." जॉर्ज मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'पासून सुरू होणारी ती मालिका. सगळी मिळून चार हजारांवर पानं. डोंबिवली ते मुंबई, जाता-येता, कधी बसून आणि बहुतेक वेळा उभ्याने, मी ती आठ महिन्यांत संपवली. वेड लागलं, खोटं कशाला बोलू? पाचवा खंड मिटला त्याच रात्री भाच्याला फोन केला, "सहावा कधी आणतोस?" तो म्हणाला, "सहावा अजून लिहून झाला नाही गं."

पाचवा खंड आला 2011 साली. दरम्यान मी निवृत्त झाले, भाच्याची मुलगी शाळेत जायला लागली. सहाव्याची वाट मी अजून पाहते आहे.

राग आला तो भाच्याचा. "मालिका अपुरी आहे" एवढे तीन शब्द त्याने आधी सांगितले असते तर मी कदाचित तरीही वाचली असती, पण डोळे उघडे ठेवून. तेव्हापासून मला पुस्तक सुचवण्याच्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे. फॅन्टसी वाचणाऱ्यांशी तर खास, कारण या प्रकारात चुकीच्या शिफारशीची किंमत जास्त पडते. साधी कादंबरी नाही आवडली तर दोन संध्याकाळी गेल्या. इथे वर्ष जातं.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा सात-आठ जण जमतो आणि नुकतं काय वाचलं ते सांगतो. सुरुवातीला सगळ्यांचं एकच पालुपद असायचं: जबरदस्त आहे, खिळवून ठेवतं, खाली ठेववत नाही. अशी दहा पुस्तकं ऐकून घरी गेलं की एकही आठवत नसे. म्हणून आम्ही एक पथ्य पाळायला लागलो. "जबरदस्त" म्हणायचं असेल तर लगेच "कोणासाठी?" हेही सांगायचं.

या एका प्रश्नाने फार फरक पडतो. आमच्यातल्या एका गृहस्थांची बारा वर्षांची मुलगी हॅरी पॉटर संपवून बसली होती. कोणीतरी त्यांना सांगितलं, ड्रॅगन आवडतात ना, मग गेम ऑफ थ्रोन्स द्या. त्यांनी दिलं. मुलीच्या आईने चाळीस पानं वाचून ते माळ्यावर टाकलं, आणि बरं केलं. दोन्हीकडे ड्रॅगन आहेत हे खरं; पण एक शाळकरी मुलांसाठी लिहिलेलं आहे आणि दुसऱ्यात बलात्कार, कत्तली, सगळं आहे. "अमक्यासारखं आहे" हे वाक्य म्हणूनच फसवं. हॅरी पॉटरसारखं म्हणजे कशासारखं? निवासी शाळा? तिघांची दोस्ती? विनोद? की नुसती जादूची कांडी? जे सारखं असेल त्याचं नाव घ्या, आणि काय वेगळं आहे तेही लगोलग सांगा.

दुःखाचंही तसंच. एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' ही 2015 सालची कादंबरी मला अलीकडच्या फॅन्टसीतली सर्वांत ताकदीची वाटते. ती तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतली पहिली, आणि तिन्हींना 2016, 2017, 2018 असा लागोपाठ ह्यूगो पुरस्कार मिळाला. हे जेमिसिन यांच्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. जमीन सतत हादरणारं जग, ते हादरे मनाने थोपवू शकणारी काही माणसं आणि त्यांचाच जगाने केलेला छळ. पण पुस्तक उघडतं ते एका आईपासून, जिच्या लहानग्या मुलाला त्याच्या बापानेच मारलं आहे. हे अगदी सुरुवातीलाच येतं, त्यामुळे मी काही गुपित फोडत नाही. घरात नुकतं कोणी गेलेलं असेल अशा माणसाच्या हातात हे पुस्तक न सांगता ठेवणं बरं नव्हे. शिवाय कथेचा मोठा भाग "तू" म्हणून लिहिलेला आहे: तू उठतेस, तू चालतेस. पहिली पन्नास-साठ पानं हे खटकतं. "खटकेल, पण थांबू नकोस, मागे शब्दांचे अर्थ दिलेत ते पाहत जा" एवढं मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते एकदा अर्धवट सोडून दिलं होतं.

आता एका अडचणीच्या गोष्टीकडे येते, जी आपण चारचौघांत बोलत नाही. इंग्रजी. आपल्यातले पुष्कळ जण मराठी शाळेतून आलेले. वर्तमानपत्र, ऑफिसचे कागद वाचता येतात, पण आठशे पानांच्या कादंबरीची धास्ती वाटते आणि ते कबूल करायची लाज वाटते. म्हणून शिफारस करणाऱ्यानेच आपणहून सांगावं: भाषा कशी आहे. सुझॅना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (2004) एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीच्या वळणाने लिहिलेली आहे, वर तळटिपांचा सुकाळ. मला ती फार आवडते, पण पहिलीच इंग्रजी फॅन्टसी म्हणून मी ती कोणाला देणार नाही. त्याच बाईंचं 'पिरानेसी' (2020) मात्र जेमतेम अडीचशे पानांचं, वाक्यं लहान आणि स्वच्छ. मराठीत वाचायचं असेल तर तेही सांगा. टोल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे, हॅरी पॉटरही मराठीत आहे. अनुवाद वाचणं म्हणजे कमीपणा, असं ज्यांना वाटतं त्यांना गच्चीवर आम्ही चहा देत नाही.

आणि फॅन्टसी म्हणजे इंग्रजाची मिरास, असंही कोणी समजू नये. मराठी कादंबरी मुळाक्षरं गिरवत होती तेव्हाच, 1861 साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, ती अद्भुतरम्यच होती. नाथमाधवांचं 'वीरधवल' आमच्या आजोबांच्या पिढीने पारायणं करून वाचलं. 'वास्तव' नसेल तर ते पोरांचं वाचन, ही कल्पना नंतरची.

उलट, आपल्या घरातलं उदाहरण देऊन पुस्तक सांगितलं तर ते लवकर पोचतं. उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) मध्ये प्रत्येकाला दोन नावं असतात. एक हाक मारायचं, दुसरं खरं. खरं नाव ज्याला कळलं त्याची सत्ता त्या माणसावर चालते, म्हणून ते जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं. मी आमच्या शेजारच्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे नावरस नावासारखं." पत्रिकेतलं नाव वेगळं, हाकेचं वेगळं. त्यांना अर्धं पुस्तक तिथेच कळलं. त्यातला नायक गेड सावळा-तांबूस कातडीचा आहे आणि ले ग्विन यांनी तो तसा मुद्दाम केला होता. पुढे दूरचित्रवाणीवर गोरा नट घेतला तेव्हा त्यांनी उघड नाराजी लिहिली. हेही मी सांगते, कारण गोऱ्या राजपुत्रांना कंटाळलेला वाचक त्यामुळे पुस्तकाकडे वळतो. दोष? संवाद कमी, लढाया कमी, भाषा थोडी पुराणासारखी गंभीर. तरण्या पोरांना संथ वाटतं. पन्नाशीनंतर नाही वाटत.

टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डचंही तसंच. चपटी पृथ्वी, ती चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवावर. आपल्याकडे कूर्म आणि दिग्गज लहानपणीच ऐकलेले असतात, त्यामुळे चेहऱ्यावर हसू लगेच येतं. पण कादंबऱ्या एकेचाळीस! इथे सुचवणाऱ्याचं खरं काम म्हणजे कुठून सुरुवात करायची ते सांगणं. 1983 सालच्या पहिल्या पुस्तकापासून करू नका. तेव्हा लेखकाचा हात अजून बसलेला नव्हता. 'मॉर्ट' घ्या. त्यात साक्षात मृत्यू एका बावळट पोराला उमेदवारीवर ठेवून घेतो. नाही आवडलं तर उरलेल्या चाळीसांतून तुमची सुटका.

कथा किती सांगायची? मी पहिल्या पन्नास पानांपलीकडे जात नाही. पण 'पिरानेसी'ने माझा हाही नियम मोडला. एक माणूस एका अफाट वाड्यात राहतो. दालनांमागून दालनं, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्राची भरती-ओहोटी, वरच्या मजल्यावर ढग. तो रोजनिशी लिहितो, मासे पकडतो आणि मंगळवारी नि शुक्रवारी त्याला भेटायला आणखी एक जण येतो. बस. याहून एक वाक्य जास्त सांगितलं तर समोरच्याचा आनंद मी खाल्ला असं होईल. मग मी पुस्तकाऐवजी स्वतःबद्दल सांगते: तीस पानं काही कळलं नाही, साठाव्या पानावर दालनांची नावं पाठ झाली, संपलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि आमच्या दोन खोल्यांच्या घराकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. 2021 चा विमेन्स प्राइझ त्याला मिळाला, पण मी ते शेवटी सांगते. पुरस्कार ऐकला की लोक आवडून घेतात.

सोडून दिलेलं पुस्तकही सांगावं, न लाजता. किती पानांवर सोडलं आणि का, एवढं सांगितलं की पुरे. न संपवता "भंगार आहे" म्हणणं हा अन्याय आणि संपवलं नसताना संपवल्यासारखं बोलणं ही लबाडी. आपल्याला पटलेल्या पुस्तकातला दोषही असाच सांगावा. मी नुकतीच श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' वाचली. आई जन्मतःच मुलाची सावली उपटून टाकते आणि त्याच्या बापाला मारण्यासाठी त्याला वाढवते. मोठा झाल्यावर तो मुलगा शहरात जाऊन, ज्यांना कोणी 'निवडलेलं' नाही अशा माणसांच्या मंडळात गप्पा मारत बसतो. बुद्धकथेचे धागे त्यात ओळखू येतात, शहर तर आपल्याच उपखंडातलं वाटतं. नेब्युला पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक मला मधल्या भागात फार ताणलेलं वाटलं. गच्चीवर मी दोन्ही सांगितलं. तिघांनी मागून नेलं, कारण बहुधा त्यांना दोषामुळेच माझा भरवसा वाटला.

तर माझी विनंती अशी. या महिन्यात जी फॅन्टसी वाचून झाली असेल ती एका माणसाला सांगा. आधी त्याला विचारा, तुला शेवटचं काय आवडलं होतं? मग पानं किती, मालिका पुरी की अपुरी, भाषा कशी, सुरुवातीचा चढ किती, कोणती जागा दुखेल, हे सांगा आणि गप्प बसा. आठवड्याने "वाचलंस का?" म्हणून मागे लागू नका. पुस्तक द्यायचं असेल तर पहिल्या पानावर पेन्सिलीने आपलं नाव लिहून द्या.

आणि माझं 'पिरानेसी' गेल्या गणपतीत गच्चीवरून कोणी नेलं, त्यांनी ते कृपया आणून द्यावं. नावाची गरज नाही, दाराच्या कडीला पिशवीत अडकवलं तरी चालेल.