वर्ग केला, तरी लहानच!



आज आधी एक कबुली देते. चुका काय फक्त तुमच्याच होतात? बाईंच्याही होतात बरं का!

सातवीच्या वर्गात मी छोटीशी चाचणी घेतली. चूक की बरोबर ते लिहायचं होतं. त्यात एक विधान असं होतं : 'कोणत्याही संख्येचा वर्ग त्या संख्येपेक्षा मोठा असतो.' वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणणं. ५ चा वर्ग २५, १२ चा वर्ग १४४. सगळ्यांनी 'बरोबर' लिहिलं. एका मुलीने मात्र 'चूक' लिहिलं होतं. मी घाईघाईने तिच्या उत्तरावर फुली मारली आणि पुढची वही ओढली.

मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. वहीचं मागचं पान उघडून हळूच म्हणाली, "बाई, अर्ध्याचा वर्ग पाव येतो. पाव अर्ध्यापेक्षा लहान ना?"

काय बोलणार? मी गप्पच झाले!

तुम्हीही करून पाहा. एक चौरस कागद घ्या. त्याची बाजू १ माना. आता एक उभी घडी घाला, एक आडवी घाला आणि कागद उलगडा. चार सारखे चौरस दिसतील. प्रत्येकाची बाजू अर्धी, पण जागा मात्र कागदाच्या पाव! हाच अर्ध्याचा वर्ग.

असं का होतं? ५ ला ५ ने गुणलं, की ५ ची पाचपट होते. पण अर्ध्याला अर्ध्याने गुणणं म्हणजे अर्ध्याचा अर्धा भाग घेणं. अर्धी भाकरी पुन्हा अर्धी केली, तर हातात चतकोरच उरणार ना?

०.९ घ्या. त्याचा वर्ग ०.८१. त्याचा पुन्हा वर्ग केला, तर ०.६५६१. आणखी एकदा केला, तर ०.४३ च्या आसपास. घसरगुंडीच जणू! आता १.१ घ्या. १.२१, मग १.४६४१, मग २.१४ च्या आसपास. ही झाली चढण. दोन्हींच्या मध्ये १ उभा आहे. तो आणि ० तेवढे वर्ग करूनही जसेच्या तसे राहतात. ऋण संख्यांचं काय? -३ चा वर्ग ९, म्हणजे धन. तो मूळ संख्येपेक्षा मोठाच. थोडक्यात, ० आणि १ यांच्या मधल्या संख्याच वर्ग केल्यावर लहान होतात.

दुसऱ्या दिवशी मी हे सारं फळ्यावर मांडलं. तर मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, अर्धा मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर. ५० चा वर्ग २५००. वाढला की! मग ०.५ चा वर्ग लहान कसा?"

शाब्बास! शंका असावी तर अशी. आपण २५०० म्हणतो, ते २५०० काय? चौरस सेंटिमीटर. आणि १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. त्यातले २५०० म्हणजे पावच की! ०.२५ चौरस मीटर आणि २५०० चौरस सेंटिमीटर, जागा तेवढीच. लांबी आणि क्षेत्रफळ यांत मोठं कोण, हे ठरवताच येत नाही. तुलना करायची ती नुसत्या संख्यांची.

मग मी वर्गासमोर त्या मुलीच्या वहीतली फुली खोडली आणि तिला गुण दिला. बाकीच्यांचे गुण कापले नाहीत. विधानाचं उत्तर मीच चुकीचं धरलं होतं, मग शिक्षा त्यांना का? आता 'कोणत्याही', 'नेहमी', 'सगळ्या' असे शब्द दिसले, की मी आधी थांबते. तुम्हीही थांबा. आणि आपलं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलं, तर लगेच खोडू नका. आधी पडताळून पाहा.

जाता जाता एक कोडं. ०.१, ०.५ आणि ०.९ यांचे वर्ग करा. सगळ्यांत जास्त घट कोणाची होते? आणि कोणत्या दोघांची घट अगदी सारखी येते? कागद-पेन्सिल घ्या आणि लागा कामाला!

तुमच्या बाई