लेगगार्ड हे नावच चुकलंय

वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. श्रावणातला पाऊस होता. मी गाडी साइड स्टँडला लावली आणि टपरीत शिरलो. दहा मिनिटांत स्टँडखालची ओली माती बसली आणि भरल्या बॅगांसकट दोनशे किलोंच्या वर गेलेली हिमालयन मोटारसायकल, एखाद्या म्हशीने बसकण मारावी तशी, सावकाश डावीकडे आडवी झाली. चार जण धावले, उचलली. क्लचचा लिव्हर किंचित वाकला होता, पुढच्या नळीचा रंग खरवडला होता. बाकी टाकीला पोचा नाही की इंजिनाला ओरखडा नाही. उचलणाऱ्यांपैकी एका काकांनी हात झटकत निर्वाळा दिला, "लेगगार्ड होता म्हणून पाय वाचला बरं का!"

माझा पाय त्या वेळी बारा फुटांवर, बाकड्याखाली होता. हातात कांदाभजी होती.

काकांना दोष देत नाही. दोष नावाचा आहे. बुलेट, राजदूत, येझदीच्या काळापासून आपण त्या वाकवलेल्या नळीला लेगगार्ड म्हणत आलो. तिच्यावर रंगीत नायलॉनची दोरी गुंडाळली, भाजीची पिशवी अडकवली, हायवेला लागल्यावर तिच्यावर पाय टाकून ऐटीत बसलो. (हे शेवटचं कृपा करून करू नका. पाय नळीवर असला की मागच्या ब्रेकपासून वीतभर लांब असतो आणि म्हैस काही वाट बघत नाही.) नावात पाय आला म्हणून लोकांनी तिच्यावर पायाचा विमा उतरवला आणि पाय वाचत नाही म्हटल्यावर ती नळीच निकामी ठरवली. दोन्ही बाजू एकाच चुकीच्या नावावरून भांडताहेत.

विरोधकांचा सगळ्यात भारी मुद्दा आधी घेतो. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला लोळवण्यात मजा नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ मध्ये त्याचा अहवाल निघाला. क्रॅशबारबद्दल, म्हणजे याच नळ्यांबद्दल, त्यातला निष्कर्ष स्वच्छ आहे: दुखापत टाळायला त्यांचा उपयोग होत नाही. घोटा आणि पाऊल यांच्या जखमा जेवढ्या कमी होतात, तेवढ्याच मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. हिशेब बरोबरीत सुटतो.

यावर आमच्या बाजूचे लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. अभ्यास जुना आहे, गाड्या बदलल्या, तिकडचे रस्ते वेगळे, वगैरे. मी त्या वाटेने जाणार नाही. ताशी साठने कारवर आदळलात तर पंचवीस मिलिमीटर जाडीची नळी तुमची नडगी वाचवील, ही आशा मला तेव्हाही खोटी वाटली असती, आजही वाटते. पायासाठी घोट्याच्या वर जाणारे बूट घ्या, गुडघ्याला पॅड बांधा, वेग आवरा. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. आणि म्हणूनच विचारतो, की ती नळी पायासाठी नसेलच, तर पायाच्या कसोटीवर तिला नापास का करता? छत्री डोकं फुटण्यापासून वाचवत नाही म्हणून कुणी ती मोडीत काढत नाही.

नळी गाडीसाठी आहे. त्यातही रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीपेक्षा लांब जाणाऱ्या गाडीसाठी. हिमाचलात मनालीहून लेहकडे जाताना तांदी लागतं. चंद्रा आणि भागा या नद्या तिथे मिळतात. तिथल्या पेट्रोलपंपावरचा फलक तिकडे जाऊन आलेल्या प्रत्येकाने फोटोत आणलाय: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लोक तो वाचून कॅनमध्ये पेट्रोल भरून घेतात. पण जिथे पेट्रोल नाही तिथे वेल्डिंगवाला तरी कुठून असणार? लॅथवाला कुठून असणार? तिथे दगडावर गाडी आडवी होते तेव्हा वेग बहुधा चालण्याएवढाच असतो. माणूस कपडे झटकून उठतो, गाडी उठत नाही. बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या एका बाजूला क्लचचं कव्हर असतं, दुसऱ्या बाजूला मॅग्नेटचं. दोन्ही ॲल्युमिनियमची, ओतीव. ओतीव ॲल्युमिनियम वाकून घेत नाही, तडकतं. बोटभर तडा गेला की ऑइल मातीत आणि गाडी टेम्पोत. एम-सील लावून तळहाताएवढी भेग बुजवणारे बहाद्दर मी पाहिलेत, पण दगडाने कव्हरचा तुकडाच उडवला तर एम-सील कशाला लावणार? शिवाय नव्या गाड्या पाण्याने थंड होतात. चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर घ्या किंवा २०२३ मध्ये आलेली हिमालयन ४५०, दोन्हींना पुढे रेडिएटर आहे. जुन्या हिमालयन ४११ ला तो नव्हता. म्हणजे फुटायला एक जागा आणखी वाढली. ज्यांच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारखे बाहेर येतात त्या बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता दुसरा आक्षेप. तो मिस्त्री लोकांकडून येतो, म्हणून मला जास्त जवळचा. "गार्डमुळे चेसिस वाकते, इंजिनाचे कान तुटतात, त्यापेक्षा पडू दे." हे खोटं नाही. नळी म्हणजे तरफ. टोकाला मार बसला की मुळाशी तो कैक पटींनी पोचतो, आणि मूळ एकाच बोल्टवर असेल तर इंजिनाचा तो कानच उपटून येतो. पण हा दोष वाईट नळीचा आणि वाईट बसवण्याचा आहे. मी तो स्वतःच्या पैशाने अनुभवलाय.

पहिला गार्ड मी एका गॅरेजात बसवून घेतला. नळीची भोकं आणि इंजिनाची भोकं जुळेनात. पोराने टॉमी घातली, वर चढला, नळी ताणली आणि बोल्ट कच्चकन आवळला. मला वाटलं, काय जोर आहे! हजारेक किलोमीटरनंतर ताम्हिणी उतरून माणगावात चहाला थांबलो तर डावीकडे खणखण आवाज. बोल्ट अर्ध्यातून तुटला होता, डोकं कुठे पडलं देव जाणे. ताणून आवळलेला बोल्ट पडायची वाट बघत नाही. इंजिनाची थरथर दिवसभर त्याला कुरतडतच असते.

दुसऱ्या वेळी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने बसवला. सकाळी साडेनऊला बसला आणि जेवायची वेळ झाली. आधी इंजिनाखाली जॅक, जॅकवर लाकडी ठोकळा, कारण इंजिन ज्या बोल्टवर टांगलंय तोच काढायचाय, आणि तो काढल्यावर इंजिन दोन मिलिमीटर जरी खाली बसलं तरी पुन्हा भोक जुळवताना नाकी नऊ येतात. एका वेळी एकच बोल्ट काढायचा. जुना बाहेर सरकेल तसा त्याच्या मागोमाग नवा लांब बोल्ट आत ढकलायचा, भोक रिकामं पडूच द्यायचं नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का ते त्याने चष्मा लावून पाहिलं. पहिला आठ म्हणजे बोल्ट ८०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसतो, पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांनंतर तो कायमचा लांबतो. पाकिटात आलेल्या बोल्टांपैकी एकावर काहीच कोरलेलं नव्हतं. तो त्याने शांतपणे खिळ्यांच्या डब्यात टाकला आणि दुकानातून दुसरा आणायला मला पिटाळलं.

मग सगळे बोल्ट हाताने, तीन-चार आटे धरतील एवढेच. एकही आवळायचा नाही. नळी हलवून बघायची, ती सैल झुलली पाहिजे. एका बाजूला फट राहिली तर तिथे वायसर घालायचा, नळी ओढायची नाही. आट्यांना निळं लॉकटाइट, आणि शेवटी टॉर्क रेंच. आठ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण पंचवीस न्यूटन-मीटर, पण गार्डसोबत कागद आला असेल तर त्यावरचा आकडा खरा. आवळून झाल्यावर मिस्त्रीने प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी नळीवर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला असं समजायचं. मग हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून पाहिलं, आम्ही दोघांनी मिळून पुढचं शॉकअप दाबून चाक कुठे घासत नाही ना ते पाहिलं, आणि ऑइल फिल्टरपर्यंत पाना पोचतो का तेही. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग दर सर्व्हिसिंगला गार्ड उतरवण्याचे पैसे मोजतात. "पाचशे किलोमीटरनं या," तो म्हणाला, "नाहीतर मला नावं ठेवू नका." गेलो. दोन बोल्टांनी पाव-पाव फेरा घेतला.

कायद्याचं म्हणाल तर तिथेही नावानेच घोळ घातलाय. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरचे क्रॅशगार्ड आणि बुलबार म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा भंग असल्याचं कळवलं. कारण पटण्यासारखं होतं: पादचाऱ्याला आणि गाडीत बसलेल्यांना त्यापासून धोका असतो. जीपच्या नाकावरच्या त्या पहारींबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण मोटारसायकलच्या बगलेतली, हँडलच्याही आत राहणारी नळी पादचाऱ्याच्या वाटेला जात नाही. दोन्हींना क्रॅशगार्ड म्हणायचं म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजायच्या? तरी नाक्यावरच्या हवालदाराशी कलमांवर वाद घालायला मी कुणाला सांगणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. रॉयल एन्फिल्डसारख्या कंपन्या स्वतःच इंजिन गार्ड विकतात. तो घ्या, बिल डिकीत ठेवा.

दिखाऊपणाच्या आरोपाला फार जागा देत नाही. आहेत दिखाऊ लोक. हॉर्नही दिखाऊ असतात.

मला खरा राग आहे तो आमच्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींचा. गाडीला खालून वरपर्यंत पिंजरा घालायचा, त्यावर दोन फॉगलॅम्प, दोन पाण्याच्या बाटल्या, वर पेट्रोलचा कॅन. नळी जेवढी जाड तेवढी भारी, हा समज. उलट आहे. जी नळी वाकत नाही ती आपला मार पुढे ढकलते, आणि पुढे चेसिस असते. दोन मिलिमीटर भिंतीची साधी लोखंडी नळी वाकते, आणि तिने वाकावं यासाठीच तर पैसे दिलेत. चेसिस वाकली तर गाडी मेली, नळी वाकली तर नळीच बदलायची. आणि पडायच्या जागेवर पेट्रोलचा कॅन टांगणाऱ्यांना काय म्हणावं, मला सुचत नाही.

माझी नळी स्पितीहून परतताना वाकली. बातलहून ग्राम्फूकडे येताना रस्ता म्हणजे गोटेच, त्यावरून दुपारी बर्फाचं पाणी वाहतं. अशाच एका नाल्यात पुढचं चाक गोट्यावरून घसरलं आणि गाडी डावीकडे पडली, वेग म्हणाल तर बैलगाडीचा. बूट पाण्याने भरले. गुडघा गोट्यावर आपटला, पॅड होतं म्हणून निभावलं, त्यात नळीचं काही श्रेय नाही. गाडी उभी केली, बटण दाबलं, चालू झाली. संध्याकाळी मनालीत दिव्याखाली वाकून पाहिलं तर नळी आत दबून इंजिनाच्या कव्हरपासून एक बोट अलीकडे थांबली होती. मधल्या फटीत नाल्यातला एक चपटा खडा अडकून बसला होता.

पुण्यात आल्यावर मिस्त्रीने ती उतरवली आणि नव्या नळीशेजारी फरशीवर ठेवली. दोन बोटांचा फरक. पुन्हा गरम करून सरळ करू का, विचारलं तर त्याने मानच हलवली. एकदा वाकलेलं लोखंड दुसऱ्यांदा त्याच जागी आणि लवकर वाकतं म्हणे. भंगारवाला दारातच होता. काट्यावर पावणेतीन किलो भरली.