बालवीराचा चाकू

सदरमधील एका शाळेच्या पटांगणावर नुकताच बालवीरांच्या गौरवाचा छोटेखानी समारंभ झाला. आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजिवास प्रशस्तिपत्र मिळावयाचे असल्याने आम्ही सहकुटुंब हजर होतो. पराक्रम काय, तर नागपूरच्या वैशाखवणव्यात दुपारच्या गाड्यांच्या खिडक्याखिडक्यांशी धावून त्याने प्रवाशांस पाणी दिले होते. परतताना एका आप्तांनी त्यास विचारले, "बाळ, याचे शालान्त परीक्षेत गुण किती मिळतात रे?" मुलगा गप्प राहिला. आम्हीही गप्पच राहिलो. कारण खरे सांगावयाचे तर तोच प्रश्न आमच्याही जिभेवर आला होता.

त्या रात्री घरातील मुलांस आम्ही हरिश्चंद्र मेहरा याची हकीकत सांगितली. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालला होता. पंतप्रधान पंडित नेहरू प्रेक्षकांत होते आणि चौदा वर्षांचा हा बालवीर मान्यवरांच्या कक्षात स्वयंसेवकाचे काम करीत होता. अकस्मात शामियान्याने पेट घेतला. मोठमोठी माणसे गोंधळून गेली असता हा पोरगा वीस फुटी खांबावर चढला आणि जवळचा चाकू काढून त्याने पेटते कापड फाडून टाकले. त्यात त्याचे दोन्ही हात भाजले, पण शेकडो जीव वाचले. बालकांच्या शौर्याचा राष्ट्रीय सन्मान करण्याची प्रथा निघाली ती या प्रसंगावरून; पुढे भारतीय बालकल्याण परिषदेने ती वर्षानुवर्षे चालविली.

गोष्ट ऐकताना मुलांचे लक्ष आगीकडे होते. आमचे मात्र चाकूकडे गेले. तो ऐन वेळी जवळ होता, आणि तो कसा चालवावा हे त्या मुलास ठाऊक होते. बालवीरांचे ब्रीद 'तयार' या एका शब्दाचे आहे, ते उगाच नव्हे.

हे सांगण्याचे कारण, शौर्याच्या गौरवाने मुलांच्या मनात भलतेच वेड शिरण्याचा संभव असतो. अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या पाण्यात कोणी बुडू लागले असता, पोहता न येणारा मुलगा भावनेच्या भरात उडी घेईल तर एकाऐवजी दोन घरांत आकांत व्हावयाचा. काठावरून दोर टाकावा, लांब काठी पुढे करावी, मोठ्यांस हाक मारावी, हेच शहाणपणाचे. परंतु दोर टाकणाऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात क्वचितच झळकते! पदके देणाऱ्या मंडळींनी या मुलांकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे. खिडकीतून पाणी घेणारा प्रवासी तर नावही न विचारता पुढल्या गावी जातो.

आता घरची कबुली. आमच्या चिरंजिवांचा चाकू वहिनींनी गेले वर्षभर कपाटात कुलपाखाली ठेवला होता. म्हणजे टाळ्या वाजवावयास आम्ही सर्व पुढे, आणि हत्यार मात्र बंदोबस्तात! दुसऱ्या दिवशी आम्ही रदबदली केली, तेव्हा त्यांनी तो काढून दिला. मात्र दोराच्या सगळ्या गाठी आधी आपल्यादेखत बांधून दाखवाव्यात, या अटीवर. मुलाने खाटेच्या पायाला भराभर पाच-सहा गाठी मारल्या व तो खेळावयास निघून गेला. त्या सोडविताना आमची जी त्रेधातिरपीट उडाली, ती पाहून वहिनींनी तोंडाला पदर लावला.