बंदुकीआधी परीक्षा हवी का?

अठरा वर्षं पूर्ण झाली की तुमच्यापैकी पुष्कळांची धाव जाणार लर्निंग लायसन्सकडे! चिन्हं पाठ करायची, परीक्षा द्यायची, मग साहेबांसमोर गाडी चालवून दाखवायची. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

अमेरिकेतही मोटारीसाठी परीक्षा आहेच. पण बंदूक विकत घ्यायची असेल तर? दुकानदार ओळखपत्र बघतो, फॉर्म भरून घेतो, गिऱ्हाइकावर गंभीर गुन्ह्याची नोंद आहे का ते सरकारी यंत्रणेकडून तपासून घेतो. झालं! बंदूक हाताळता येते का, हे देशाचा कायदा विचारत नाही. गंमत बघा, तिथं शिकारीचा परवाना हवा असेल तर बहुतेक राज्यांत तरुणांना सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. म्हणजे हरणामागे जायचं तर शिका, उशाशी पिस्तूल ठेवायचं तर नाही शिकलं तरी चालेल!

काही राज्यांनी मात्र स्वतःचे कायदे केले. मेरिलँड त्यांतलं एक. 2013 च्या तिथल्या कायद्यानुसार पिस्तूल घेणाऱ्या बहुतेकांना आधी निदान चार तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यात कायदा, पिस्तुलाची रचना आणि घरातली सुरक्षितता शिकवतात.

चार तासांत असं काय शिकणार, असं वाटेल. एकच गोष्ट सांगतो. पिस्तुलाच्या मुठीतून गोळ्यांचं मॅगझिन काढलं की ते रिकामं झालं, असं नवख्याला वाटतं. पण एक गोळी आधीच वर सरकून नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते. मॅगझिन काढलं तरी ती तिथंच राहते, आणि 'रिकामं आहे रे' म्हणत कुणी चाप ओढला की सुटते. म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांत, वापरात नसलेल्या बंदुकीत नेमकी त्याच जागी एक भडक रंगाची पट्टी खुपसून ठेवतात. आत गोळी नाही, हे लांबूनही दिसावं म्हणून! कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझपदक मिळवलं. त्याच्यासारख्या तरबेज खेळाडूलाही हा नियम चुकत नाही.

विरोधकांचं म्हणणंही ऐकायला हवं. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 पासून आहे. हक्कासाठी परीक्षा कसली, असं ते विचारतात. हे अगदीच पोकळ नाही. तिथल्या काही राज्यांत पूर्वी मतदानाआधी वाचन-लेखनाच्या परीक्षा घेत, आणि त्यांच्या आडून कृष्णवर्णीयांना मत देऊ देत नसत. शिवाय ज्याच्या जिवाला आजच धोका आहे, त्यानं परवान्याची वाट का बघावी? मेरिलँडच्या कायद्यावरचा हा वाद कोर्टात गेला. 2024 मध्ये अपील न्यायालयानं कायदा कायम ठेवला.

मला तो निकाल पटतो. मतपत्रिका उघड्या ड्रॉवरमध्ये राहिली तर धाकट्या भावाला इजा होत नाही. पिस्तूल राहिलं तर होऊ शकते. 2020 साली अमेरिकेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरलं. त्यांतले बहुतेक मृत्यू अपघाती नव्हते, आणि ज्याच्या मनातच इजा करायची आहे त्याला वर्गात बसवून काय उपयोग, हेही खरं. पण बंदूक कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात असतील, तर ती रागाच्या किंवा निराशेच्या भरातही चटकन कुणाच्या हाती लागत नाही. चार तासांतला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण प्रशिक्षण घेतात मोठी माणसं. घरातली मुलं काही त्या वर्गाला जात नाहीत.

आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी असं प्रशिक्षण आहे. तिकडचे बालरोगतज्ज्ञ मात्र पालकांना आणखी एक गोष्ट सांगतात : मुलाला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारा, "तुमच्या घरी बंदूक आहे का? ती कुलपात आहे ना?" तुमची मावशी किंवा काका अमेरिकेत राहत असतील, तर पुढच्या फोनवर त्यांना जरूर विचारा, हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारलाय का?