शब्दांची वखार : ‘गन’ हे कोणाचे नाव?

बंदुकीला इंग्रजीत ‘गन’ म्हणतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु हा शब्द मुळात एका स्त्रीचे नाव आहे, असे सांगितल्यास सहसा कोणाचा विश्वास बसणार नाही.

इंग्लंडमध्ये तिसरा एडवर्ड राज्य करीत असताना, १३३०-३१ साली, विंडसर किल्ल्यातील शस्त्रसाठ्याची यादी लॅटिन भाषेत लिहिली गेली. तीत शिंगाच्या एका प्रचंड ‘बॅलिस्टा’ची नोंद आहे. बॅलिस्टा म्हणजे ताणलेल्या दोरीच्या बळावर जड बाण फेकणारे, धनुष्याच्या जातीचे यंत्र. लेखनिकाने त्याचे नावही टिपून ठेवले : ‘डॉमिना गुनिल्डा’, अर्थात गुनिल्डाबाईसाहेब!

हे नाव मूळचे स्कँडिनेव्हियाचे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘गुन्न’ म्हणजे युद्ध आणि ‘हिल्ड’ म्हणजेही युद्धच. पद्मावतीची पद्मा व्हावी, तशी गुनिल्डाची ‘गुन’ झाली. पुढे दारूगोळ्याची तोफ आली आणि यंत्र बदलले तरी नाव तेच राहिले. तोफेवरून ते बंदुकीकडे आले. शस्त्राला नाव देण्याची हौस सार्वत्रिकच आहे. एडिंबरोच्या किल्ल्यात ‘मॉन्स मेग’ आहे, तर आपल्या जंजिऱ्यावर ‘कलाल बांगडी’.

‘गन’ हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला असावा, किंवा ‘मँगोनेल’ या गोफणयंत्राच्या नावाचा तो अवशेष असावा, असेही तर्क पूर्वी झाले. ते ऐकायला गोड होते. पण गुनिल्डेच्या बाजूने लेखी साक्ष उभी होती. म्हणून आज कोशकारांचा कल तिच्याकडे आहे.

त्या लेखनिकाला शब्दांचा इतिहास लिहायचा नव्हता. कोठीत काय शिल्लक आहे, एवढेच त्याला धन्यासाठी नोंदवायचे होते. आपल्या पेढ्यांच्या माळ्यांवरही अशाच वह्या आणि खतावण्या पडून आहेत. मालाची, मापांची, गावांची कितीतरी विसरलेली नावे त्यांत असतील. दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीच्या भावाने जातात. देणेघेणे केव्हाच फिटले, हे खरे. पण भाषेचा हिशेब अजून मिटलेला नाही. यंदा वही रद्दीत घालण्यापूर्वी मोडी वाचणाऱ्या एखाद्या जाणकाराला ती एकवार अवश्य दाखवावी.