पत्ता नाही, म्हणून माणूस नाही?

मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. पाच जिल्ह्यांचे पाच जिल्हाधिकारी आहेत, चार पोलीस आयुक्तालये आहेत. लोहमार्ग पोलीस वेगळे आणि रेल्वेचे सुरक्षा दल त्याहून वेगळे. एवढ्या सत्ता ज्या भूमीवर एकवटल्या आहेत त्याच भूमीवर उड्डाणपुलाखाली, फलाटाच्या टोकाला, रुग्णालयाच्या कुंपणाला टेकून हजारो माणसे रात्र काढतात, आणि त्यांची जबाबदारी यांपैकी एकाही सत्तेची नाही. हा आरोप आम्ही पूर्ण जाणीवपूर्वक करीत आहोत. शीवच्या पुलाखाली झोपणारी बाई सकाळी चेकनाका ओलांडून ठाण्याच्या मजूर नाक्यावर उभी राहते. तिच्या नवऱ्यावरचा खटला कुर्ल्याच्या न्यायालयात, त्याचा जातीचा पुरावा नांदेड जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयात, मुलाच्या क्षयाच्या गोळ्या भिवंडीच्या दवाखान्यात. तिचे आयुष्य अख्ख्या प्रदेशभर पसरलेले आहे आणि सरकारी यंत्रणेचे प्रत्येक टेबल आपापल्या हद्दीच्या दगडापाशी संपते. "तुमचे इथे होणार नाही, तिकडे जा," हे एकच वाक्य या माणसांनी जन्मभर ऐकले आहे.

प्रदेश म्हणून एकत्र येणे आपल्याला जमत नाही, असे कुणी म्हणू नये. १९७५ साली एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झाले ते एका महापालिकेच्या हद्दीत न मावणारी कामे करण्यासाठीच. मेट्रोच्या मार्गिका हद्दी ओलांडतात. २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू जवळजवळ बावीस किलोमीटर धावत शिवडीहून थेट रायगड जिल्ह्यात उतरतो. मोटारीला मुंबईतून उरणकडे न्यायचे असते तेव्हा सगळे प्राधिकारी एका टेबलाशी बसतात, निधी उभा करतात, मुदती आखतात. मग त्याच पुलाच्या खांबाला टेकून झोपलेल्या माणसाच्या शिधापत्रिकेसाठी, त्याच्यावरच्या किरकोळ खटल्यासाठी, त्याच्या लेकराच्या जन्मदाखल्यासाठी हेच अधिकारी एका टेबलाशी का बसत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला हवे आहे, आणि ते मंत्रालयाने द्यायचे आहे.

बेघराला छप्पर नाही हे सर्वांना दिसते. त्याला कायद्याने कसे जखडले आहे हे फार थोड्यांना दिसते. एखाद्याला रूळ ओलांडताना किंवा फलाटावर झोपताना पकडले जाते. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खिशात दंडाचे पैसे नसतात. तारीख पडते. समन्स पाठवायचे कुठे? कागदावर "फिरस्ता" असे लिहिलेले असते. ते समन्स कधीच पोचत नाही, माणूस तारखेला हजर राहत नाही, आणि एक दिवस त्याच्या नावाने वॉरंट निघते. ज्या गुन्ह्यात कुणाचे नखभर नुकसान झाले नाही त्या गुन्ह्यापायी तो आता फरारी ठरतो. त्यानंतर खाकी वर्दी दिसली की तो उठून दुसरीकडे जातो. महापालिकेच्या दवाखान्यात नाव सांगायला घाबरतो. निवारागृहाच्या दारात नोंदवही दिसली की मागे फिरतो, कारण नोंदवहीतून आपले नाव पोलिसांकडे जाईल अशी त्याला भीती असते. सरकारने त्याच्यासाठी उघडलेले प्रत्येक दार सरकारच्याच वॉरंटने बंद केलेले असते. हे वॉरंट ठाण्याच्या न्यायालयाचे असेल तर दादरच्या निवारागृहातला कार्यकर्ता काय करणार? त्याची ओळख इथल्या पोलीस चौकीपुरती, वकील मिळाला तर तोही इथल्याच न्यायालयातला.

जामिनाचीही तीच कथा. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि त्याचा भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वृत्तीवर असा आसूड ओढला की त्याचा आवाज आजही कानात घुमायला हवा: एका जिल्ह्यातला भारतीय दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा ठरतो? या निकालाला जवळजवळ अर्धे शतक होत आले. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात २००५ साली अशीही दुरुस्ती झाली की जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीन देता न येणाऱ्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावे. तरीही जामीनदार नाही, रहिवासाचा दाखला नाही, म्हणून माणसे कोठडीत कुजतात. कायदा आहे, निकाल आहे. तो राबवायला त्या माणसाच्या शेजारी उभा राहणारा कुणी नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राच्या अंगावरचा हा डाग आहे, आणि तो आपण सहा दशकांहून अधिक काळ मिरवला आहे. या कायद्यात भीक मागणे म्हणजे काय? हात पसरणे तर आलेच; पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत करणे हेही आले. म्हणजे भल्या पहाटे दान मागत येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हे सारे या कायद्याच्या नजरेत गुन्हेगार. इतकेच नव्हे, उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरणे की हा भिकेवर जगत असावा असे वाटावे, हाही गुन्हा. कुणाला वाटावे? पोलिसाला! वॉरंटशिवाय अटक, झटपट चौकशी, आणि एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात रवानगी. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांनाही डांबण्याची सोय याच कायद्यात आहे. गरिबी हीच ज्याची फिर्याद आणि फाटके कपडे हाच ज्याचा पुरावा, त्याला कायदा म्हणायला आमची जीभ धजत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्लीपुरता, या कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवून रद्द केल्या. जो कायदा मुंबईत जन्मला तो दिल्लीत गाडला गेला, आणि त्याच्या जन्मभूमीत तो अजून श्वास घेतो आहे! २०२५च्या एप्रिलमध्ये शिर्डीत धरपकड करून अनेकांना विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी चार जण अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात दगावले. ज्या साईबाबांनी स्वतः दारोदार भिक्षा मागून आयुष्य काढले त्यांच्या गावातून ही माणसे उचलली गेली होती. यापेक्षा अधिक आम्ही काय लिहावे?

आता कागदांकडे वळू. आधार कायद्याच्या पाचव्या कलमात कायमचे घर नसलेल्यांना आणि भटक्या जमातींना आधार देण्यासाठी विशेष उपाय करावेत, असा स्पष्ट उल्लेख आहे. निवडणूक आयोगाची पद्धत तर याहून सरळ आहे. बेघर माणसाने अर्जात झोपण्याची जागा लिहिली की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन तो माणूस खरोखर तिथेच झोपतो की नाही हे पाहायचे. तसे आढळले तर पत्त्याचा कागद मागायचा नाही. हे आम्ही ठळकपणे सांगतो आहोत, कारण यात सगळ्या सबबींचे उत्तर आहे. रात्रीची पाहणी मत देण्यासाठी पुरेशी असेल, तर तीच पाहणी शिधापत्रिकेसाठी का पुरत नाही? बँकेच्या खात्यासाठी का पुरत नाही? क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार दरमहा हजार रुपये देते, ते थेट खात्यात. खात्याला ओळखपत्र लागते, ओळखपत्राला पत्ता लागतो, आणि पत्ता नाही म्हणून आजारी माणसाच्या पोटात घास जात नाही. उलट महापालिकेची गाडी येते तेव्हा गाठोड्यासकट सगळे उचलून नेते. त्या गाठोड्यात गोधडी असते, भांडी असतात, आणि वर्षभर खेटे घालून मिळवलेले आधार कार्डही असते.

पारधी, वडार, कैकाडी अशा समाजांतल्या कुटुंबांचे हाल तर दुहेरी आहेत. इंग्रजांनी १८७१ साली सुरू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांची त्या कायद्यातून सुटका १९५२ साली झाली. पण पोलिसांच्या नजरेतून ती अजून झालेली नाही. जातीचा दाखला हवा तर अनुसूचित जमातीच्या माणसाने आपले पूर्वज ६ सप्टेंबर १९५० पूर्वी आणि विमुक्त-भटक्याने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी या राज्यात राहत होते हे सिद्ध करायचे. ज्यांच्या आजोबांना गावोगावच्या पाटलांनी शिवेबाहेर हाकलले, त्यांनी त्याच गावांतून आजोबांच्या वास्तव्याचा पुरावा आणायचा! मुंबईतल्या मुलीच्या शाळेची शिष्यवृत्ती नांदेड-परभणीच्या दप्तरात अडकून पडते. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी आपसात हा कागद मागवून घ्यावा. त्या मुलीच्या बापाने रोजंदारी बुडवून चार फेऱ्या का माराव्यात?

निवाऱ्याचे गणित अगदी उघड आहे. शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचे, बारमाही, दिवसरात्र उघडे असणारे एक निवारागृह हवे, हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या आदेशांतून आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून ठरला. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे एकट्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच जनगणनेने २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले, आणि एका रात्रीच्या मोजणीतून किती सुटले असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. महापालिकेचे निवारे या निकषाच्या जवळपासही पोचलेले नाहीत. जागा नाही, हे उत्तर ठरलेले. एका महापालिकेकडे जागा नसेल तर शेजारच्या महापालिकेकडे आहे का, रेल्वेकडे, बंदराकडे, एमएमआरडीएकडे आहे का, हे विचारायला हवे. टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर पडलेले कर्करुग्ण बिहार-बंगालपासून आलेले असतात. गाडगेबाबांनी भीक मागून जमवलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही अशा रुग्णांना आसरा देते. एका फाटक्या चिंध्यांच्या माणसाला जे जमले ते देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला जमू नये?

सोयी दिल्या तर आणखी लोंढे येतील, ही सबब आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ ऐकतो आहोत. १९८१ साली पदपथवासीयांना बसमध्ये घालून गावी पाठवण्याचे फर्मान निघाले तेव्हाही हेच सांगितले गेले. त्यातूनच ओल्गा टेलिस खटला उभा राहिला आणि १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे ठणकावून सांगितले. माणसे शहरात येतात ती कामासाठी. ती मुंबईत लग्नसमारंभांत ताटे उचलतात, कचरा वेचतात, हातगाड्या ओढतात, इमारती बांधतात. त्यांच्या घामावर हे शहर उभे आहे. शिवाय एका शहराने सोयी केल्या आणि शेजाऱ्यांनी हात वर केले तर त्या शहरावर ताण येणारच. म्हणूनच तर सगळ्या प्रदेशाने एकत्र आले पाहिजे.

न्यायालय बेघरांपर्यंत नेणेही अशक्य नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात १९८९ साली व्हिएतनाम युद्धातल्या बेघर सैनिकांसाठी एका मेळाव्यात न्यायाधीशांनी न्यायासन मांडले आणि किरकोळ खटले तिथेच निकाली काढले. पुढे हे न्यायालय नियमितपणे निवारागृहांत भरू लागले. कोठडी आणि दंड यांच्याऐवजी व्यसनमुक्ती, शिक्षण, कामाचा शोध यांत माणसाने घेतलेले कष्ट न्यायाधीश जमेस धरतात. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली लोकअदालत आहे, जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अटकेतील माणूस यांना उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील द्यायचा हे त्या कायद्यातच लिहिले आहे.

म्हणून राज्य सरकारकडे आमची मागणी अशी आहे. नऊ महापालिका, पाच जिल्हाधिकारी, चारही पोलीस आयुक्त, लोहमार्ग पोलीस, मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे आणि राज्य विधी सेवा प्राधिकरण यांचे एकच संयुक्त मंडळ नेमा, आणि त्याला निधीबरोबर अधिकारही द्या. प्रदेशातल्या कुठल्याही न्यायालयातला बेघराचा किरकोळ खटला त्याच्या निवारागृहात भरणाऱ्या लोकअदालतीत संपला पाहिजे, आणि तिथे येणाऱ्याला जुन्या वॉरंटवर दारातच पकडणार नाही अशी लेखी हमी पोलिसांनी दिली पाहिजे. एका महापालिकेने केलेली रात्रीची पाहणी बाकी आठांनी मानली पाहिजे. निवारागृहाचा पत्ता हा शिधावाटप कार्यालयापासून बँकेपर्यंत सर्वत्र चालला पाहिजे. सामान उचलणाऱ्या गाडीने कागदपत्रे आणि औषधे जागेवरच मालकाच्या हातात दिली पाहिजेत. तसे न करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे.

१९५९चा कायदा मात्र सुधारून चालणार नाही. तो मुळासकट गेला पाहिजे. तो रद्द करण्याचे विधेयक सरकारने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावे. सरकार मांडत नसेल तर विरोधी पक्षाने अशासकीय विधेयक आणावे, आणि प्रत्येक आमदाराने त्यावर कोणत्या बाजूने मत दिले हे त्याच्या मतदारांनी त्याला विचारावे.